लोटनभाऊंचा सत्कार

माणसाचं मन ओळखण्यात माझा हात कुणी धरणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो. पुढचं वाचून तुमचा गैरसमज होऊ नये म्हणून.

जळगावच्या एमआयडीसीत रतनशेठांचा प्लॅस्टिकच्या चटयांचा कारखाना आहे. तिथे मी मनुष्यबळ अधिकारी. नाव प्रशील, मूळचा धुळ्याच्या देवपूरचा, सध्या मुक्काम पिंप्राळ्यात. नोकरीला लागून चार महिने झाले होते आणि कायम व्हायला दोन बाकी होते. त्या चार महिन्यांत नऊ कामगार नोकरी सोडून गेले. शेठांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"प्रशीलसाहेब, माणसं टिकत का नाहीत?"

"शेठ, त्यांचं समाधान होत नाही. कामात मन रमत नाही."

"मग रमवा. आता एक जरी माणूस गेला ना, तर त्याच्या पाठोपाठ तुम्ही."

त्या क्षणापासून माझं मन मात्र कामात पूर्ण रमलं!

मी लगेच सूचनापेटी लावली. आठवड्याने उघडली, तर आत गुटख्याच्या दोन रिकाम्या पुड्या आणि नुसतं 'पंखा' असं लिहिलेली एक चिठ्ठी. चिठ्ठी मी बाजूला ठेवली. मी मनाच्या पातळीवर काम करत होतो, पंख्याच्या नाही.

मग मी कारखान्याचं निरीक्षण केलं. रोज सकाळी सव्वानऊला शेठ लूमच्या रांगेतून फिरायचे आणि समोर येईल त्याला झापायचे. "धागा तुटलाय तो दिसत नाही? डोळे घरी ठेवून आलास का?" "हा काठ आहे की गांडुळ?" वर्षानुवर्षं हाच कार्यक्रम. चांगला शब्द औषधालाही नाही. अहो, मग माणूस टिकेल कसा? रोग मला एका फेरीत सापडला!

मी शेठांपुढे योजना मांडली. दर महिन्याला एका उत्तम कामगाराचा सत्कार. शाल, श्रीफळ, हार आणि शेठांचं भाषण. पहिला मान लोटनभाऊंचा.

लोटनभाऊ साक्रीकडचे. वय चौपन्न. सात नंबरच्या लूमवर सव्वीस वर्षं. तो लूम वयाने माझ्यापेक्षा मोठा आणि त्यावर मोराच्या नक्षीच्या चटया निघतात. लोटनभाऊंचा हात असेल तर मोर, दुसऱ्या कुणी हात लावला तर कोंबडी. सुरतच्या व्यापाऱ्याची सहाशे मोरांची ऑर्डर शनिवारी जायची होती आणि त्यातले शेवटचे पन्नास अजून निघायचे होते. म्हणजे निवड किती अचूक होती बघा!

सोमवारी दुपारी सत्कार झाला. फुले मार्केटमधून शाल मी स्वतः आणली होती. भाषणही मीच लिहून दिलं होतं. शेठांना चांगलं बोलायची सवय नसल्यामुळे पहिल्या दोन वाक्यांना त्यांना घाम फुटला, पण नंतर गाडी सुटली. "लोटनभाऊ म्हणजे या कारखान्याचा खांब. त्यांची निष्ठा आम्ही कधीच विसरणार नाही." शेवटी तर माझा कागद खिशात घालून ते स्वतःच्या मनाने म्हणाले, "त्यांचं पुढचं आयुष्य सुखासमाधानाचं जावो."

हे जरा जास्त झालं, असं मला वाटलं. पण परिणाम काय सांगू! पॅकिंगच्या प्रमिलाबाईंनी डोळ्याला पदर लावला. शेजारच्या लूमवरचा अभिमन, एरवी दगडासारखा माणूस, नाक पुसत होता. गेटवरचे छगनभाऊ येऊन लोटनभाऊंच्या गळ्यात पडले. एका शालीत एवढं परिवर्तन!

"कसं वाटतंय?" मी लोटनभाऊंच्या कानात विचारलं.

"काय सांगू साहेब," ते खाली बघत म्हणाले. "इतक्या लवकर होईल असं वाटलं नव्हतं."

"लवकर कसलं? खरं तर दहा वर्षांपूर्वीच व्हायला हवं होतं!"

लोटनभाऊंनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं. भारावलेत, मी मनात म्हटलं.

त्याच उत्साहात मी पुढच्या तीन महिन्यांच्या मानकऱ्यांची यादी फळ्यावर लावून टाकली. माणसाला वाट बघायला काहीतरी हवं. यादीत पहिला अभिमन, दुसऱ्या प्रमिलाबाई, तिसरे छगनभाऊ.

मंगळवारी लोटनभाऊ आले नाहीत. आनंदाचा ताण येतो कधीकधी. सात नंबर बंद राहिला.

दुपारी अभिमन माझ्यापुढे उभा. "साहेब, माझी मुलगी बारावीला आहे."

"अरे वा!"

"यादीतलं माझं नाव दोन वर्षं पुढे नाही का ढकलता येणार?"

"का म्हणून? अभिमन, तुम्ही शंभर टक्के पात्र आहात! मी तुमचं नाव काही केल्या काढणार नाही!"

त्याने माझ्यापुढे दोन्ही हात जोडले आणि तसाच बाहेर गेला. काय हा विनय!

बुधवारी प्रमिलाबाई स्वतःहून आल्या. "साहेब, डझनाच्या गठ्ठ्यात मी आज अकराच चटया बांधल्या. चार गठ्ठ्यांत."

"होतं असं. प्रामाणिकपणे सांगितलंत, यालाच मी गुण म्हणतो."

"गुण नाही हो साहेब! मी मुद्दाम केलं! मी काही कामाची बाई नाही!"

बाई रडायलाच लागल्या. मी त्यांच्या नावापुढे 'अत्यंत नम्र' असा शेरा मारला. हे कळल्यावर तर पॅकिंग विभागात हाहाकार उडाला. गुरुवारपर्यंत कारखान्यात नालायक ठरण्याची स्पर्धा लागली होती. कुणी धागा उलटा भरतोय, कुणी कामाच्या वेळेत सगळ्यांना दिसेल असा आडवा झोपलाय. ज्याला झोप येत नव्हती तो डोळे मिटून पडला होता. रोजच्या नऊशे चटयांवरून आम्ही अडीचशेवर आलो.

"प्रशीलसाहेब," शेठ म्हणाले, आणि पुढे काहीच बोलले नाहीत. झापलं असतं तर बरं वाटलं असतं.

शेवटी छगनभाऊंनीच मला गेटवर गाठलं. "साहेब, माझं तेवढं कापा ना यादीतून. मी काय घोडं मारलंय?"

"छगनभाऊ, अहो सत्काराला एवढं काय घाबरायचं?"

"या कारखान्यात आजवर पाच जणांना शाल मिळाली. पाचही जणांना नोकरीच्या शेवटच्या दिवशी. सहावे लोटनभाऊ. सोमवारी जाताना त्यांनी सात नंबरला हळदीकुंकू वाहिलं, तुम्ही दिलेला नारळ त्याच्यासमोर फोडला आणि कपाटाची किल्ली माझ्याकडे देऊन साक्रीची गाडी धरली."

मी गेटवरच्या स्टुलावर बसलो. छगनभाऊंनी पाणी दिलं. शेठांचं 'एक जरी माणूस गेला ना' माझ्या कानात घुमायला लागलं. आणि तो एक माणूस मीच शाल घालून पाठवला होता!

शुक्रवारी पहाटेची पहिली एस.टी. पकडली. धुळ्याला गाडी बदलली, साक्रीला उतरून रिक्षा केली आणि लोटनभाऊंच्या अंगणात जाऊन उभा राहिलो. ते खाटेवर बसले होते. दाढी वाढलेली. चार दिवसांत माणूस दहा वर्षांनी म्हातारा दिसत होता.

"बठा साहेब, पानी प्या," ते म्हणाले. घरी असल्यामुळे ते अहिराणीवर आले होते.

"लोटनभाऊ, तुम्ही कामावर का येत नाही?"

"तुम्हीनच तं काढं ना माले."

"काढलं नाही हो! तुम्ही सगळ्यात चांगले कामगार म्हणून तो सत्कार होता!"

"मंग शेठ तसं कसाले बोलनात?" लोटनभाऊंचा आवाज चढला. "सव्वीस वरीस रोज शिव्या देतस, आनि त्या दिन दहा मिन्टं चांगलं बोलनात. साहेब, जित्ता माणूसबद्दल कोनी इतलं चांगलं बोलस का?"

मी खाटेच्या कडेला टेकलो.

"चार रात झोपनू नही मी. मन्ही काय चूक व्हयनी, हाऊच इचार."

खरं सांगतो, मला फार वाईट वाटलं. ज्या माणसाने आयुष्य एका मशीनवर काढलं, त्याला कौतुक आणि हकालपट्टी यांतला फरक कळायची संधीच कुणी दिली नव्हती. मी त्यांचे हात धरून माफी मागितली. ते नुसते मान हलवत राहिले.

तेवढ्यात आतून त्यांच्या पत्नी, द्रौपदाबाई, बाहेर आल्या. "भाऊ, आजना आज लई जा यास्ले! सकायपाईन मन्हा मांगे फिरतस आनि म्हनतस, भांडास्नी रांग वाकडी शे!"

"वाकडी शे तं वाकडीच म्हनसू ना," लोटनभाऊ पुटपुटले.

"आयका! बठ्ठा दिन हाईच!" दिवसभर हेच, म्हणून बाईंनी कपाळाला हात लावला.

लोटनभाऊ उठले. "येस मी. पन शेठनी पहिलासारखं बोलाले पाहिजे. गोड बोलनात का मी चालनू."

रस्त्यात मी शेठांना फोन लावून सगळं समजावलं. त्यांनी "हो, हो" म्हटलं. पण संध्याकाळी आम्ही कारखान्यात शिरलो, तेव्हा सहाशे मोरांच्या काळजीने शेठ इतके हळवे झाले होते की लोटनभाऊंना पाहताच धावत पुढे आले.

"या लोटनभाऊ! प्रवासात त्रास नाही ना झाला? चहा घेणार?"

लोटनभाऊंनी पिशवी उचलली आणि गेटकडे वळले.

"शेठ, झापा!" मी मागून ओरडलो.

"कशाबद्दल? त्याने काय केलंय?"

"काहीही! सुचेल ते!"

शेठांनी खूप प्रयत्न केला. तोंड उघडलं, मिटलं. शब्द फुटेना. सगळे लूम थांबले होते आणि पन्नास माणसं श्वास रोखून बघत होती. मग शेठांची नजर लोटनभाऊंच्या पायांकडे गेली.

"अरे! मशीनपाशी चपला घालून आलास? सव्वीस वर्षं झाली, अजून अक्कल आली नाही का रे तुला?"

लोटनभाऊंचा चेहरा उजळला. त्यांनी चपला कोपऱ्यात काढल्या, बाह्या सरसावल्या आणि सात नंबर सुरू केला. पॅकिंगमधून कुणीतरी टाळ्या वाजवल्या. उरलेले मोर रात्रभरात निघाले आणि सहाशेच्या सहाशे शनिवारी वेळेवर सुरतला रवाना झाले.

यादी मी स्वतःच्या हाताने फाडली. प्रकरण संपलं असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं होतं. सोमवारी अभिमन परत माझ्यापुढे.

"साहेब, शेठ आज फक्त लोटनभाऊंना बोलले. आमचं काय?"

पाठोपाठ प्रमिलाबाई. "पॅकिंगमध्ये तर आठवडा झाला, शेठांनी एक वाकडा शब्द काढला नाही. बाया घाबरल्यात, साहेब. सांगा ना त्यांना."

काय करता? मी वेळापत्रक बनवलं. सव्वानऊला लूम विभाग, साडेदहाला पॅकिंग, शनिवारी गेट. शेठांचा घसा बसू नये म्हणून ज्येष्ठमधाची डबी ठेवली. कुणाला वगळलं असं वाटू नये म्हणून हजेरीपत्रकात वेगळा रकानाच आखला. तेव्हापासून दीड महिन्यात एकही माणूस सोडून गेलेला नाही. अहवालात मी लिहिलं, 'व्यवस्थापन आणि कर्मचारी यांच्यात रोज मोकळा संवाद.'

काल माझे सहा महिने पूर्ण झाले. शेठांनी मला केबिनमध्ये बोलावलं. बसा म्हणाले. चहा मागवला, सोबत बिस्किटं. मग उठून माझ्या पाठीवर हात ठेवला.

"प्रशीलसाहेब, फार छान काम केलंत तुम्ही. कारखाना तुमची आठवण ठेवील."

मी हातातलं बिस्किट परत बशीत ठेवलं.

"शेठ," मी विचारलं, "माझं काय चुकलं?"

शेठ नुसते हसले आणि त्यांनी बिस्किटांची बशी माझ्याकडे सरकवली. मी घरी येऊन बायोडाटा काढून बसलोय.