सूनबाईसाठी धरलेलं मौन

हरायला काय अक्कल लागते? जिंकायचं असतं तर मी घाबरले असते. हरणं मात्र माझ्या अगदी आवाक्यातलं होतं, असं मला वाटत होतं.

मी आणि माझी सूनबाई विद्यापीठाच्या व्यवस्थापनाच्या वर्गात जात होतो. ती नोकरीत पुढे जायला, मी तिच्या सोबतीला. व्यूहरचना, वित्त, उद्योगांची सामाजिक जबाबदारी, सगळं मी देवाचं नाव घेत पार केलं. उरलं जागतिक व्यवस्थापन. त्याला लेखी पेपर नव्हता, वाटाघाटी होत्या. दोन देशांतल्या दोन काल्पनिक कंपन्या, एक विकणारी, एक विकत घेणारी. ज्या गटाचा सौदा सरस, त्याच्या प्रमुखाला सहा महिने परदेशात काम. ती जागा सूनबाईला हवी होती. इतकी, की तिनं कपाटावरची मोठी बॅग काढून पुसूनही ठेवली होती!

ती विकत घेणाऱ्या गटाची प्रमुख झाली आणि मी विकणाऱ्या गटाची. माझ्या गटातल्या विमा एजंटानं मला वयाचा मान देऊन पुढे ढकललं.

मग मी ठरवलं, वाटाघाटींच्या दिवशी दिवेलागणीपर्यंत मौन धरायचं. पुण्य सूनबाईला, आणि मी बोललेच नाही तर आमचा गट आपोआप बुडणार. कुणाला सांगितलं नाही, कारण सांगितलेलं व्रत फळत नाही अशी माझी श्रद्धा.

दुपारी टेबलापाशी बसलो. सूनबाईनं किंमत सांगितली. मी तिच्याकडे मायेनं पाहिलं. ती पाणी प्यायली आणि कुणी न विचारताच किंमत वाढवली. मी मान खाली घालून जप सुरू केला. ती म्हणाली, तुमचे सगळे कामगार आम्ही ठेवून घेऊ. मी डोळे मिटले. कंपनीचं नावही तुमचंच राहू दे, म्हणाली. तिच्या गटातले तिची बाही ओढायला लागले. आमचा एजंट माझ्या कानाशी लागला, "काकू, असंच चालू द्या." त्याला गप्प करायला मी जोरात नकारार्थी मान हलवली. ती नेमकी सूनबाईनं पाहिली आणि मुख्य कार्यालयसुद्धा आमच्या शहरात आणून दिलं.

सरांनी टाळ्या वाजवल्या. असं मुरलेलं मौन त्यांनी पुस्तकाबाहेर पाहिलं नव्हतं म्हणे.

दिवे लागताच मी त्यांना गाठून खरं काय ते सांगितलं. ते आणखीच खूश झाले. जागा नाकारायची तर ती माझ्याच गटातल्या दुसऱ्याला जाईल, म्हणाले. दुसरा म्हणजे एजंट. तो आधीच स्वेटर बघायला गेला होता.

घरी चालताना सूनबाईनं माझीही पिशवी घेतली होती. मी तिला व्रताचं सांगितलं. ती रस्त्यातच थांबली.

"म्हणजे आई, तुम्ही रागावला नव्हता?"

"अगं, तुझ्यासाठीच तर होतं ते."

"आणि रोज सकाळी?"

रोज पूजेनंतर तासभर मी बोलत नाही. तेही कधी सांगितलेलं नाही. लग्न झाल्यापासून तिला वाटत होतं, मी तिच्यावर रुसते. त्या तासात तिनं एकदा माहेरी जाणं रद्द केलं, एकदा आपलं शिवणयंत्र खिडकीपासून हलवून अंधाऱ्या कोपऱ्यात नेलं. आणि मी शेजारणीला सांगत होते, किती समजूतदार मुलगी, काही बोलावंच लागत नाही.

त्या रात्री बॅग परत कपाटावर गेली. ती चढवताना मी खालून हात लावला, एवढंच.

आता माझा नियम तिला ठाऊक आहे. तरी तिला धाक वाटू नये म्हणून सकाळचा तो तास मी तिच्याकडे बघून हसत काढते. परवा ती माझ्या मुलाला हळूच म्हणत होती, "आई नुसत्या गप्प असायच्या तेच बरं होतं रे. आता हसतात ना, त्याची जास्त भीती वाटते."