कुटुंबप्रमुख, वय ९ वर्षे

सन १९९६ मध्ये काशीतल्या एका कार्यालयाने राशनकार्डं संगणकावर घेतली. घरात वयाने मोठा तो कुटुंबप्रमुख, असा नियम होता. त्यानुसार मुन्शी घाटाजवळ राहणाऱ्या दत्तात्रेय पुराणिकांच्या कार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून त्यांच्या नातीचं नाव आलं: स्वरदा, ९ वर्षे. तिच्याखाली दत्तात्रेय, ७२ वर्षे. मग मुलगा, सून. आणि तळाशी दत्तात्रेयांचे वडील नरहरशास्त्री, १०० वर्षे. त्यांच्यापुढे शेरा होता: अज्ञान.

दत्तात्रेय तडक कार्यालयात गेले. संगणक चालवणारा बिंदुमाधव घरोब्यातलाच होता.

"काका, बड़े साहेबांना वयापुढे 'वर्षे' छापून हवं होतं. म्हणून आकड्याचा मजकूर केला. मजकूर म्हटला की मशीन पहिलं अक्षर बघते. नऊ मोठा, सात लहान, एक सगळ्यात लहान."

"आणि बाबा अज्ञान कसे?"

"अठराच्या आतला तो अज्ञान. शंभर आणि अठरा, दोन्ही एकाने सुरू. पुढे बघा, एकाला शून्य, एकाला आठ. शंभर लहानच की!"

"अरे, माणूस शंभर वर्षांचा आहे!"

"माणूस असेल. मजकूर नाही."

दुरुस्तीच्या अर्जावर कुटुंबप्रमुखाची सही हवी होती. स्वरदाने लगेच केली. "पणजोबाच मोठे ना?" एवढंच ती म्हणाली. अर्ज वरच्या कार्यालयात गेला.

मध्यंतरी शास्त्रीबुवांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. कार्ड पाहून इस्पितळाने त्यांना लहान मुलांच्या वॉर्डात, भिंतीवरच्या सशांखाली खाट दिली आणि पालकाची संमती मागितली. दत्तात्रेयांनी पेन काढलं.

"आप नहीं," डॉक्टर अदबीने म्हणाले. "घर के बड़े को बुलाइए."

स्वरदाची सहामाहीची परीक्षा बुडाली. ती येईपर्यंत दत्तात्रेय बाकावर बसून होते. ओळखीचे तिघे भेटले. तिघांनाही कशासाठी थांबलोय ते सांगावं लागलं.

डिसेंबरात स्वरदा दहा वर्षांची झाली आणि नव्या छपाईत थेट पणजोबांच्याही खाली गेली. कार्डावर पहिलं नाव आता दत्तात्रेयांचं होतं.

त्याच आठवड्यात बिंदुमाधव धापा टाकत घरी आला. "काका, मंजुरी आली! वयाआधी शून्यं लावली की झालं. शास्त्रीबुवा वर, सज्ञान. फक्त कुटुंबप्रमुखाची सही."

दत्तात्रेयांनी कार्ड हातात घेतलं, पहिली ओळ वाचली, पुन्हा वाचली.

"दत्तू, कोण आलंय रे?" आतून शास्त्रीबुवांनी विचारलं.

"कोणी नाही, बाबा." मग आवाज खाली आणून ते बिंदुमाधवाला म्हणाले, "सरकारी कागदात सारखी खाडाखोड बरी नव्हे. आता नीट बसलंय सगळं."

ज्या वाचकांचं नाव त्यांच्या कार्डावर सगळ्यात वर आहे, त्यांनी दत्तात्रेयांना खुशाल हसावं.