मागीलदारचा बालेकिल्ला आणि धाकट्या पातीचें बोलावणें

श्री. वाऱ्यास धनी नाहीं आणि समुद्रास दार नाहीं, त्या दोघांस प्रथम नमस्कार. मग कुळस्वामिनीस, जी आमचें सारें ऐकून घेते आणि उलट बोलत नाहीं, तीस दंडवत. शके एकोणीसशें शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, ज्येष्ठ मास, ते वर्षीं समुद्राकडील एका राज्यांत जें वर्तलें तें जैसें घडलें तैसें लिहितों. राज्य म्हणावें तर केवढें, एक कौलारू घर, तीसेक माड, एक विहीर आणि दोन गाई. परंतु ज्याचें त्यास तें दिल्लीएवढेंच असतें. पूर्वीं राज्य एक होतें, मग दोघे भाऊ वेगळे निघाले आणि दोन पाती जाहल्या. थोरल्या पातीची गादी आम्ही चालवितों, आणि धाकटी पाती आमची जाऊ द्वारकाबाई हिची. दोघींचे धनी देवाघरीं गेले. मध्यें कमरेइतका जांभ्या दगडाचा गडगा, तीच सरहद्द. पलीकडून फोडणी दिली तर अलीकडे शिंक यावी इतका मुलूख जवळ, आणि अकरा वर्षें दोन्ही दरबारांत अबोला.

अबोल्याचें कारण ऐसें. द्वारकाबाईची लेक सुगंधा, तिचें लग्न निघालें. त्या पोरीस आम्हीं अंगाखांद्यावर वाढविली, तिचें जावळ आमच्या मांडीवर निघालें, आणि तिला पहिली हळद थोरल्या काकीनें लावावी हें तिच्या जन्मापासून ठरलेलें. तों त्याच वर्षीं आमचे धनी वारले. मग मांडवांत चार म्हाताऱ्या पुढें जाहल्या, त्यांणीं मसलत केली कीं विधवेचा हात नको, आणि हळदीची वाटी शेजारणीच्या हातीं गेली. द्वारकाबाईनें पाहिलें, आणि मान खालीं घातली, आणि एक शब्द बोलली नाहीं. आम्ही मांडवांतून तशाच उठलों, पाणीही न पितां गडगा ओलांडून आलों, आणि मग पुन्हा त्या वाटेनें गेलों नाहीं. तिचे धनी गेले तेव्हां मात्र गेलों, तिच्याजवळ तीन दिवस बसलों, तिचें डोकें मांडीवर घेतलें, पण बोललों नाहीं. आमचा हट्ट ऐसा, आणि आज लिहितांना त्याची लाज वाटते तीही लिहून ठेवितों.

आतां न बोलतां शेजार चालावा कैसा, तर आमच्या मुलखांत त्याची जुनी वहिवाट आहे. जें सांगायचें तें जनावरास सांगावें आणि ज्यास ऐकायचें त्याणें ऐकावें. आम्ही आमच्या कपिला गाईस म्हणावें, "कपिले, विहिरीचा पंप उद्या बंद राहणार हो," आणि पलीकडे घागरी भरून ठेवाव्या. द्वारकाबाईनें आपल्या तांबड्या कोंबडीस म्हणावें, "तांबडे, लोकांची गाय आमचा अळू खाऊन गेली, लोकांस कांहीं वाटतें कां बघ." ऐसा अकरा वर्षें कारभार चालला, आणि दोन्हीकडची जनावरें बहुत शहाणीं जाहलीं.

मग चार वर्षांपूर्वीं एक वादळ येऊन गेलें. त्यांत आमचीं निम्मीं कौलें पतंगासारखीं उडालीं, आणि आमचे चिरंजीव दत्ताराम, वय वर्षें बेचाळीस, पोट सुटलेलें, ते पलंगाखालीं शिरले आणि मग निघेनात. त्यांस चौघांनीं पाय धरून ओढिलें. तो अपमान त्यांचे जिव्हारीं लागला, आणि त्यांणीं पण केला कीं मागीलदारीं एक पक्की खोली बांधावी, चहूंकडून जांभा दगड, वर सिमेंटचा स्लॅब, दार एक आणि खिडकी नाहीं, आणि दर ज्येष्ठांत वादळाचे दिवस आले कीं सारें कुटुंब तींत ठेवावें. ऐसा मागीलदारचा बालेकिल्ला उभा राहिला. दिसायला भाताच्या गोदामासारखा, आणि आंत बोललें तर आपलाच आवाज आपल्याला दरडावतो, परंतु पक्का.

मग ज्येष्ठ लागतांच आम्हीं किल्ल्याच्या सरंजामाचा हुकूम केला. सूनबाई रजनी हिचे हातीं कोठी दिली. तिच्या आमटीस चव नाहीं, परंतु बांधाबांध ऐसी करिते कीं गांठ सुटायला कोयता लागावा. तिणें पोहे, चणे, गूळ, सुके बांगडे डब्यांत भरिले, आणि पिण्याच्या पाण्याचीं दोन पिंपें, आणि बॅटऱ्या, मेणबत्त्या, औषधाच्या गोळ्या, आणि सातबारा, आधारकार्डें, रेशनकार्ड हीं प्लास्टिकच्या तीन पिशव्यांत एकांत एक घालून भिंतीस टांगलीं. दत्तारामानें पाडेकरी बोलावून घराजवळच्या माडांचे नारळ उतरविले, कारण वाऱ्यांत नारळ सुटला तर तोफेचा गोळाच तो; आणि कौलांवर जुनीं मासेमारीचीं जाळीं टाकून चहूंकडून दगड बांधिले. आम्ही मध्यें खुर्ची टाकून बसलों आणि सर्वांच्या चुका काढिल्या, त्यावांचून कोणतेंही काम नीट होत नाहीं.

तेव्हां दत्ताराम घाम पुसत आले आणि म्हणाले कीं काकीला मी जाऊन सांगून येतों, तिचें घर जुनें, वासे पोखरलेले, ओटीवर माड वांकलेला, तिनें इकडे आलेंच पाहिजे. बोलणें योग्य होतें. परंतु आम्हांस तें लागलें. घरांत थोरली बसली असतां धाकट्या पातीस बोलावणें मुलानें कां करावें? मान कोणाचा? आम्हीं सांगितलें कीं बोलावणें आमच्या तोंडून जाईल, दुसऱ्या कोणीं गडगा ओलांडायचा नाहीं, आमची शपथ आहे. दत्ताराम म्हणाले, बरें. तो पोर लहानपणापासून शपथेला भितो, आणि तें आम्हांस ठाऊक होतें.

मग त्या दिवशीं तिसऱ्या प्रहरीं आम्ही गोठ्यांत गेलों, घसा साफ केला, आणि गाईच्या पाठीवर हात ठेवून मोठ्यानें म्हटलें, "कपिले, वादळाचे दिवस आहेत. आमचें मागलें दार उघडें आहे. ज्यास जीव प्यारा त्याणें यावें." पलीकडे केरसुणीचा आवाज थांबला. आणि थोड्या वेळानें द्वारकाबाई कोंबडीस म्हणाली, "तांबडे, उघड्या दारांतून कुत्रीं-मांजरें जातात गो. माणसाला हाक मारतात."

तें ऐकून आमच्या मस्तकांत गेलें. हांक मारावी तर काय म्हणून, अकरा वर्षें तें नांव तोंडांत नाहीं. आम्हीं गाईस म्हटलें कीं हांक ऐकायला कान लागतात, आणि घरांत आलों. रजनीनें पदराआड हंसल्यासारखें केलें. आम्हीं तीस विचारलें काय जाहलें, तर म्हणाली, "कांहीं नाहीं, आई. दोघींपेक्षां गायच बरी बोलते." त्या दिवसापासून आम्हीं तिच्याशीं दोन दिवस धड बोललों नाहीं, यावरून आमचा स्वभाव कळावा.

पुढें ज्येष्ठ वद्य दशमीस सकाळीं सरकारी गाडी कर्णा लावून वाडींतून फिरली, कीं दुपारपर्यंत वादळ किनाऱ्यास लागेल, कच्च्या घरांतून निघावें. समुद्र तेसमयीं शिळ्या पेजेसारखा दिसत होता आणि कावळे माडावरून उतरून विहिरीच्या काठीं बसले होते. मग आम्ही स्वतः काठी टेकीत वाडींत फिरलों. सुताराच्या दारांत उभ्या राहून हांक मारिली, "शेवंते, पोरांस घे आणि चल." खालच्या आळींत हांक मारिली, "तुकाराम, म्हातारीला पाठीवर घे, लाजूं नको." एकेकाचें नांव घेऊन, दारोदार. आमचा आवाज मोठा, देवळापर्यंत जातो. द्वारकाबाईच्या ओटीपर्यंत तर गेलाच असेल. कोणकोणास नांव घेऊन बोलाविलें तें तिणें सारें ऐकिलें असेल. हें तेव्हां मनांत आलें नाहीं. आतां तेंच येतें.

मग तिसऱ्या प्रहराच्या आधीं सर्व मंडळी बालेकिल्ल्यांत आली, मोठीं-लहान मिळून तेरा माणसें, आणि गाई गोठ्यांतून सोडून आडोशास बांधिल्या. रजनीनें चटया अंथरिल्या, आणि आम्हीं मोजिल्या, तर चौदा होत्या. वारा वाढला, आणि माडांचे शेंडे एका दिशेस झोपूं लागले. तेव्हां दत्ताराम दारांत उभे राहून म्हणाले, "आये, शपथ मोड. मी एका उडीत तिला घेऊन येतो." आम्हीं दाराकडे पाहिलें. गडगा तेथून वीस पावलांवर. पलीकडे ओटीवर तिचें लुगडें हललेंसें वाटलें, कीं दोरीवरचें वाळवण असेल. मनांत आलें कीं उठावें. पण सारी मंडळी पाहत होती, शेवंती पाहत होती, तिच्यादेखत आम्हीं आधीं वांकावें कां? आणि आम्हीं म्हटलें, "बोलावणं गेलंय. पाय तिला पण आहेत. दार लाव."

दार लागलें. तें आम्हीं लावविलें, वाऱ्यानें नव्हे.

मग जें घडलें तें तेथील तेरा माणसांनीं कानांनीं पाहिलें, कारण आंत डोळ्यांस कांहीं दिसत नव्हतें. आधीं कौलें गेलीं, मग पत्रे गेल्यासारखा आवाज आला, मग माड मोडूं लागले, एक, दोन, आणि आम्ही मोजीत होतों कोणत्या बाजूचा. आणि पलीकडच्या बाजूनें एक आवाज ऐसा आला कीं त्यानंतर कोणी मोजिलें नाहीं. दत्ताराम आणि तुकाराम दोघे दारास खांदा लावून रेटूं लागले, परंतु दार बाहेर उघडणारें आणि बाहेरून वाऱ्याचा भार, तें तसूभर हललें नाहीं. आम्ही म्हटलें उघडा, मग ओरडलों उघडा, मग दोन्ही हातांनीं दार वाजविलें, जैसें बाहेरचा माणूस वाजवितो. आमची आज्ञा त्या दारानें मानिली नाहीं. ऐसे दोन तास गेले.

वारा उतरल्यावर आम्ही सर्वांच्या आधीं गडग्यावर चढलों, वय सत्तर, आणि पलीकडे उतरतांना गुडघा सोलला. ओटीवर माड आडवा, आणि वासे आणि कौलें त्याखालीं, आणि द्वारकाबाई त्यांत कमरेपर्यंत. जीव होता. दत्तारामानें वासे उचलिले. तेव्हां पाहिलें कीं तिच्या पायांत चपला, डोक्यास फडकें घट्ट बांधलेलें, मांडीशीं गांठोडें, आणि मागें घराच्या दारास कुलूप. कुलूप लावून, चावी कमरेस खोंचून, ती ओटीवर येऊन बसली होती. घरांत बसती तर न्हाणीघराचा कोपरा शाबूत राहिला होता, तेथें एक भांडेंही पडलें नव्हतें. गांठोड्यांत तिच्या धन्याचा फोटो, गोळ्यांची पाकिटें, आणि एक डबा, डब्यांत खोबऱ्याच्या वड्या, हातानें दाबल्या तर मोडाव्या इतक्या मऊ केलेल्या. दोन्ही घरांत दात एकटे आमचेच गेलेले आहेत, तिचे सारे शाबूत. आम्ही चिखलांत बसलों आणि तिचा हात धरिला, आणि तिणें आमच्याकडे पाहिलें, गाय नाहीं, कोंबडी नाहीं, आणि हळू आवाजांत म्हणाली, "बाय, सकाळपासनं बसले व्हते गो. म्हटलं, एकदा नाव घेशील."

मग तिला खुर्चीवर बसवून दगड-माडांतून रस्त्यापर्यंत नेलें, आणि तालुक्यास, तेथून मोठ्या दवाखान्यांत. कमरेचें हाड मोडलें होतें, लोखंडी पट्टी घातली. दीड महिन्यानें सुगंधा आईस दवाखान्यांतून गाडींत घेऊन आली, तिचे कपडे आणि भांडीं नेण्यास, कीं आतां ही पायऱ्या आणि न्हाणी एकटीनें करूं शकत नाहीं, घाटावर माझ्याकडे राहील. सुगंधा आमच्या पायां पडली. आम्हीं तिच्या गालांस हात लाविला, आणि जी हळद तेव्हां राहिली ती आतां लावायची कोठें हें सुचलें नाहीं. मग गाडीपाशीं गेलों. द्वारकाबाई मागच्या सीटवर उशा लावून आडवी, रोडावलेली, केंस पांढरे फटक. आम्हीं कांचेशीं वांकून, सर्व वाडीदेखत, मोठ्यानें म्हटलें, "द्वारके."

तिणें आमच्याकडे पाहिलें. रागावून पाहिलें असतें तर सोसलें असतें, ती रागावली नव्हती. म्हणाली, "आता हाक कसली मारतेस, बाय. आता गाडी चालू झाली." आणि पदर सारखा केला, आणि गाडी गेली.

येणेंप्रमाणें त्या साली बालेकिल्ला शाबूत राहिला, आंतील तेरा माणसें आणि दोन गाई वांचल्या, थोरल्या पातीचीं कौलें परत चढलीं, धाकट्या पातीचें घर बसलें तें उठलें नाहीं. द्वारकाबाई घाटावर आहेत, दत्तारामाशीं फोनवर बोलतात, आमची खुशाली त्याला विचारतात. यंदाचा ज्येष्ठ आला तेव्हां रजनीनें पुन्हां पोहे भरिले, पिंपें भरिलीं, आणि चटया मोजून तेराच काढिल्या, आणि ती चुकली नाहीं हें आम्हांस ठाऊक आहे. घडलें तें लिहिलें आहे. वाचतांना जेथें जेथें आमचा मोठेपणा दिसेल, तेवढा गाळून वाचावा. उरेल तें खरें.