राजा मेनेदामोसने विचारलेला प्रश्न

राज्याला कायदा हवाच, याबद्दल आम्हा ओर्खाली लोकांत कधीही दुमत झालेले नाही. (मेंढ्यांच्या चराईबद्दल झाले, त्यात चौघे गेले.) म्हणूनच पिंदोस डोंगरातल्या आमच्या गावी दर वसंतात झ्यूसपुढे एडका कापून दुहेरी शपथविधी होतो. राजा म्हणतो, "कायद्याप्रमाणे राज्य करीन." आम्ही म्हणतो, "कायद्याप्रमाणे तुझं राज्य राखू." मग मटण.

मेनेदामोस गादीवर आला तेव्हा सगळे खूश होते. तो उंच होता, झ्यूसचा वंशज होता (आमच्याकडे उंच माणूस सहसा तसा असतोच) आणि फारसा बोलत नसे.

एका वसंतात मात्र, एडक्याच्या मानेवर सुरी टेकलेली असताना, तो थांबला.

"लुसानियासकाका," त्याने सर्वांत म्हाताऱ्या सरदाराला विचारले, "हा कायदा म्हणतो तरी काय?"

"अरे, तुझ्या बापाने पाळला, आज्याने पाळला!"

"काय पाळलं?"

"कायदा!"

एडक्याने मान सोडवून घेतली. राजा एकेकाला विचारत सुटला. धनगर म्हणाले, सरदारांना ठाऊक. सरदार म्हणाले, पुजाऱ्याला. पुजाऱ्याने आभाळाकडे बोट दाखवले.

राणी फिलिस्ता कुजबुजली, "अहो, पुरे ना. लोक उपाशी आहेत."

"अगं, पण मला तो खरंच पाळायचाय," राजा म्हणाला. त्यामुळे प्रकरण गंभीर झाले.

सभेने सांगोपांग विचार केला. कायदा पाळणाऱ्याला तो विचारावा लागत नाही. ज्याअर्थी राजा विचारतो, त्याअर्थी त्याने तो आजवर मोडलाच असणार. सबब, त्याला कायद्याप्रमाणे हद्दपार करण्यात आले. (तशी तरतूद असावी.)

"कुठल्या कायद्याप्रमाणे?" त्याने विचारले. गुन्हा शाबीत झाला.

फिलिस्ता बोचके उचलून त्याच्यामागे निघाली. "आता विचारा! विचारा त्या दगडांना!" वळणापर्यंत तिचा आवाज येत होता. त्याने मात्र बोचके तिच्या डोक्यावरून आपल्या डोक्यावर घेतलेले आम्ही पाहिले.

गादीवर त्याचा चुलतभाऊ बसला. तोही उंच आहे. तो काहीही विचारत नाही.

तुम्ही हसता आहात. म्हणजे तुमच्याकडचा कायदा तुम्हाला तोंडपाठ असणार. म्हणा पाहू, सुरुवातीची दोन वाक्ये पुरेत.

...असू दे. या, बसा. आमच्यातलेच आहात.