दोन बोटं जास्त

"दुपारी? दुपारी कशी येईल? ती अजून समुद्रावर आहे!" शिंपीकाकांनी भिंतीवरच्या नकाशावर टेप ताणून धरली.

काकूंनी कपाळावर हात मारला. लेक चार वर्षांनी घरी येत होती. जाताना रडण्याच्या नादात तिचा चेहराही धड दिसला नव्हता, म्हणून आज विमानतळाच्या कठड्याला सगळ्यांच्या पुढे उभं राहायचं, असं काकूंनी कधीचं ठरवलं होतं. आणि इथे हे!

"अहो, तिनं स्वतः फोनवर सांगितलंय, दुपारी उतरते म्हणून."

"तोंडी माप मी कधी घेतलंय का? गिऱ्हाईक कंबर सांगतं एक, निघते दुसरीच!"

"ही कंबर नाही, विमान आहे!"

"माप ते मापच." काकांनी पेन्सिल कानावर खोचली. एका बोटाला एक तास, हा दर त्यांनी कुठून काढला ते त्यांनाच ठाऊक. वर दोन्ही टोकांना दोन-दोन बोटं जास्त धरली. "कापड उरलं तर चालतं, कमी पडलं की बोंब. संध्याकाळच्या आत ती काही उतरत नाही."

आता या माणसापुढे डोकं फोडण्यात अर्थ नव्हता. काकूंनी शेजारच्या गाडीवाल्याला फोन लावला.

"काकू, मी तर दुसरं भाडं घेऊन लांब आलोय. काकांनीच सकाळी सांगितलं, संध्याकाळी ये म्हणून."

काकूंच्या अंगाचा तिळपापड झाला. "मला न विचारता?"

"तुला विचारलं असतं तर तू दुपारच म्हणाली असतीस," काका शांतपणे म्हणाले आणि मशीनवर बसून लेकीच्या नव्या कुर्त्याला बटणं लावू लागले.

"बसा तुम्ही बटणं लावत! मी चालले रिक्षानं!" काकूंनी चपला पायात सरकवल्या, तणतणत दार उघडलं, आणि दारात लेक! एका हातात बॅग, दुसरा हात बेलवर.

"आई, कुणीच कसं आलं नाही गं? विमान वेळेच्या बरंच आधी उतरलं, किती वेळ उभी होते मी तिथं."

काकूंनी तिला मिठी मारली आणि पुन्हा तेच झालं. डोळे असे भरले की चेहरा काही दिसेना. काका लेकीकडे बघत राहिले, मग नकाशाकडे.

"वारा पाठीमागून असणार," ते पुटपुटले.

लेक हसत सुटली. काकूंना मात्र हसू येईना. नवऱ्याशी बोलायचं नाही असं ठरवूनच त्यांनी पानं वाढली. जेवता जेवता घाबरतच त्यांनी विचारलं, "परत कधी जायचंय गं?"

"पुढच्या रविवारी. सकाळचंच विमान आहे."

काकूंचा घास हातातच राहिला. मग त्या उठल्या, मशीनवरची टेप आणली आणि काकांच्या ताटाशेजारी ठेवली.

"अहो, ते विमान नक्की कधी सुटतं, तेवढं तुम्हीच मोजा. आणि हे बघा, दोन नको, चांगली चार-चार बोटं जास्त धरा."