घोड्यावरचे कपडे

सराफ्यातल्या एका दागिन्यांच्या दुकानात नलूताई बोकारे तरातरा शिरल्या आणि गल्ल्यावर बसलेल्या मालकाला म्हणाल्या, "पहले उसको उतारो!"

मालक गडबडला. दुकानात आम्ही चार-पाच बायका, सगळ्या गादीवर बसलेल्या. त्यातल्या कोणाला उतरवायचं आणि कुठून? त्यानं घाबरत विचारलं, "किसको, दीदी?"

"वो जो बाहर ऊपर बैठी है."

बाहेर, दुकानाच्या पाटीवर, नवं होर्डिंग लागलं होतं. पांढऱ्या घोड्यावर एक मॉडेल. गळ्यात राणीहार, नाकात नथ, अंगात घट्ट विजार आणि पायात उंच टाचेच्या सँडल. खाली लिहिलं होतं, 'आज की महारानी'.

"रिकिबीत पाय ठेवते न आपण," नलूताई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "त्या लोखंडी कडीत ही टाच एकदा अडकली की संपलं." मग मालकाकडे वळून, "घोड़ा इसको घसीटते हुए ओमती चौक तक ले जाएगा, समझे? आपका हार भी जाएगा."

हाराचा उल्लेख ऐकून मालक किंचित गंभीर झाला. पण होर्डिंग काही उतरलं नाही आणि माझ्या पाटल्यांची घडणावळही त्या दिवशी एका रुपयानं कमी झाली नाही. नलूताईंना सोबत नेल्याचं हे फळ.

हिंदी मुलुखातल्या आमच्या शहरात, कांचघर मोहल्ल्यातल्या गल्लीत त्या आमच्या समोरच राहत. मुलींच्या शाळेत ड्रॉइंग शिकवून रिटायर झालेल्या. उंच, काटकुळ्या, साडी घोट्याच्या चांगली वर नेसलेली, पायात कॅनव्हासचे बूट. महागाई, नळ, नगरपालिका, जावई, असल्या गोष्टींवर माणसं चिडतात. नलूताई त्यांवर कधी चिडल्या नाहीत. त्यांचा सगळा राग एकाच जागी साठलेला होता. घोड्यावर बसलेल्या माणसाला चुकीचे कपडे घालणारा जो कोणी असेल, चित्रकार, शिंपी, फोटोग्राफर, सिनेमावाला, तो त्यांचा वैरी.

शाळेत मुली घोड्यावरची राणी काढायच्या. सगळ्याच मुली काढतात. नलूताई वहीवर लाल पेन्सिल आपटायच्या. "पदर पुढं उडून राहिला, घोडाही पुढंच पळून राहिला. मग वारा कुठून येऊन राहिला गं? आणि हा पदर इतका लांब काहून? राणी लढायला चालली की वाळवण घालायला?" मुली रडत घरी जायच्या. आया भांडायला यायच्या आणि पदराबद्दल बरंच काही शिकून परत जायच्या.

त्यांचं ज्ञान मात्र पक्कं होतं, आणि ते त्या रागातच सांगत. जुन्या लघुचित्रांतल्या शाहजाद्या चुडीदार घालून, दोन्हीकडे पाय टाकून चेंडू खेळताना दिसतात, तेव्हा कोणाची अब्रू गेली नाही. नऊवारीचा काष्टा हा घोड्यावर बसायला किती सोयीचा, पण चित्रकारांना त्यावर दहा हात पदर फडकवल्याशिवाय चैन पडत नाही. जोधपुरी विजार मांडीला ढगळ असते कारण खोगिरावर मांडी उघडावी लागते, "आजकालची दुकानातली जोधपुरी पाहिली का? वरपासून खालपर्यंत घट्ट. तिच्यात बसता येत नाही, नुसतं फोटोत उभं राहता येते." सगळ्यात जास्त त्या चिडत मडमांवर. "दोन्ही पाय एकाच बाजूला घेऊन बसायच्या बापड्या, वरून हा एवढा घागरा. पडल्या की घागरा खोगिरात अडके आणि फरफटत जात. किती तरी मेल्या, तेव्हा कुठं शिंप्यांना अक्कल आली आणि त्यांनी ओढला की सुटून येणारा घागरा शिवला. बायका मेल्यावर!"

हे सांगताना त्यांचा आवाज इतका चढे की समोरच्या दुकानातला माणूस बाहेर येऊन बघे.

एकदा तर त्या ओमतीच्या ठाण्यात जाऊन आल्या. रस्त्यानं एक बारात चालली होती. नवरदेवाच्या शेरवानीला मागे चीरच नव्हती, म्हणून त्यानं ती कमरेपर्यंत गोळा करून मांडीवर घेतली होती आणि वरून लांब दुपट्टा घोडीच्या पोटापर्यंत लोंबत होता. नलूताई घोडीपुढे उभ्या राहिल्या. "पहले दुपट्टा बाँधो, फिर शादी करो." बँड थांबला, वऱ्हाडी भडकले, धक्काबुक्की झाली आणि दोन्ही पक्ष ठाण्यात.

ठाणेदारानं विचारलं, "माताजी, शिकायत क्या है?"

"शेरवानी," नलूताई म्हणाल्या.

त्यानं पेन खाली ठेवलं. मुहूर्त टळत होता, त्यामुळे नवरदेवानंच हात जोडले, दुपट्टा काढून मित्राच्या गळ्यात घातला आणि सगळे सुटले. "अकल आली तं," नलूताई घरी येऊन म्हणाल्या. पण चेहऱ्यावर जिंकल्याचा आनंद मुळीच नव्हता. हात धुतले आणि दार लावून घेतलं.

अशा बाईच्या समोरच्या घरात वाढून माझ्या मुलीनं, ऋजुतानं, आपल्या लग्नात घोडीवर बसून मांडवात जायचं ठरवलं. पुण्याला नोकरी करते ती. मराठी समजते, बोलताना अर्धी हिंदी. "आई, नवराच काहून बसणार घोडीवर? मी पण बैठूँगी. बस, डिसाइड झालं." नवऱ्यामुलाला हरकत नव्हती. आमच्या यांना थोडी होती, पण मुलीपुढे ती टिकली नाही.

घोडीवर बसायचं म्हणून तिनं लेहंगा घेतला. लाल, जड, मागे जमिनीवर लोळणारा. नलूताईंना दाखवायला गेली, आणि मला माझ्या स्वयंपाकघरात त्यांचा आवाज ऐकू आला.

"हे घालून तू चढणार? पोतं आहेस का तू? घोडीवर पोतं टाकतात तसं टाकतील तुला!"

"मावशी, तो फोटो के लिए..."

"फोटो! फोटो काढणारा पळून जाईल, तू अडकशील!"

मला वाटलं, आता त्या घोडीचा बेतच मोडणार. पण दुसऱ्या दिवशी नलूताई टेप घेऊन आल्या. चिडलेल्याच होत्या. ऋजुताला उभं केलं, कंबर, मांडी, गुडघा, पोटरी मोजली आणि मोजताना सारखं पुटपुटत राहिल्या. पंधरवडाभर त्यांचं मशीन खडखडत होतं. शेवटी जे आलं ते पाहून मी बघतच राहिले. मोतिया रंगाची शिवलेली नऊवारी, काष्टा मारलेली, आत मांडीला ढगळ आणि पोटरीला बसणारी विजार. पदर छातीवरून घेऊन कमरपट्ट्यात पक्का खोचलेला, एक टोकही मोकळं नाही. त्यावर आखूड मखमली बंडी. पायात बंद बूट, बेताच्या टाचेचे.

"मावशी, मी तो रानी लग रही हूँ!"

"राण्या गेल्या खड्ड्यात. वाक. अजून वाक. आता पाय वर कर. कुठं अडकते?"

कुठेच अडकत नव्हतं. तरी नलूताई हसल्या नाहीत. सकाळी-सकाळी तिला घेऊन घोडीवाल्या रज्जूभैयाकडे जाऊ लागल्या. त्याची बिजली नावाची घोडी होती, म्हातारी आणि समजूतदार. नलूताई रज्जूभैयावर रोज ओरडायच्या. घोडीच्या पोटाखालचा पट्टा सैल का, झूल इतकी लांब का, गोंडे कशाला. एकदा तो मला म्हणाला, "दीदी बहुत गुस्सा करती हैं, पर घोड़ी के लिए गुड़ रोज़ लाती हैं."

लग्नाच्या दिवशी सकाळी ऋजुता ते कपडे घालून बिजलीवर बसली. गल्ली गोळा झाली. पोरीची पाठ ताठ, हात हलके. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्यात नवरीला न्यायला म्हणून नवऱ्यामुलाचे मामा गाडीतून उतरले. नागपूरचे, मोठे वजनदार गृहस्थ.

त्यांनी ऋजुताकडे पाहिलं आणि तोंड वाकडं केलं. "हे काय वो? असे दोन्हीकडं पाय टाकून? लोक पाहून राहिले. घोडीवर बसवायचंच होतं तं एका बाजूला बसवा. नाही तं निदान झाका."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मुलगी माझी, घोडी भाड्याची, रस्ता सरकारी, ह्या माणसाचं काय जात होतं? मी तोंड उघडणार तोच आमच्या यांनी माझा हात दाबला. मामांनी गाडीतून जरीचा शेला आणला, लांबलचक, आणि ऋजुताच्या गुडघ्यांवरून पसरला. दोन्हीकडे टोकं लोंबू लागली. "आता बरं दिसते," ते म्हणाले.

नलूताई तेव्हा पलीकडे बिजलीचा लगाम तपासत होत्या. त्यांनी मान वर केली, शेला पाहिला, आणि त्याच क्षणी बँडवाल्यानं ढोलावर पहिली थाप मारली.

बिजली दचकून बाजूला सरकली. शेला घसरला. त्याचं एक टोक ऋजुताच्या बुटाला गुंडाळून रिकिबीत शिरलं. ती पाय सोडवायला गेली तशी आणखी वेढली गेली. घोडी फिरू लागली.

"उतरवू नका! कोणी ओढू नका तिला!" नलूताई किंचाळल्या. दोन ढांगांत त्या पुढे आल्या, बिजलीच्या गळ्याला खांदा लावला, आणि दोन्ही हातांनी तो शेला धरून इतक्या जोरानं ओढला की तो टराटरा फाटला. मग खाली वाकून त्यांनी रिकिबीतलं टोक बोटांनी उकलून काढलं. ऋजुताचा पाय सुटला. घोडी थांबली. बँड केव्हाच थांबला होता.

मामा म्हणाले, "अहो बाई, तो शेला आमच्या आईचा..."

नलूताई त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. मी त्यांना इतक्या वर्षांत हजारदा चिडलेलं पाहिलं होतं. पण त्या दिवशी त्यांचा आवाज चढला नाही, उलट अगदी खाली आला.

"तुमच्या आईचा शेला फाटला," त्या म्हणाल्या. "माझी बहीण फाटली होती. अशाच एका रस्त्यावर. अशाच एका पदरानं. आणि तुमच्यासारख्याच एका शहाण्यानं म्हटलं होतं, पोरीनं घोड्यावर बसायचंच काहून."

मामा गाडीत जाऊन बसले. सगळा रस्ता नलूताई बिजलीच्या बाजूनं, ऋजुताच्या बुटाजवळ हात ठेवून चालत आल्या.

लग्न लागलं. अक्षता पडल्या. पंगती बसल्या तरी नलूताई कुठे दिसेनात, म्हणून मी शोधायला निघाले. कार्यालयाच्या मागे, कडुनिंबाखाली बिजली बांधली होती. तिच्याशेजारी पायरीवर त्या बसल्या होत्या. मी जाऊन बसले.

"सुमन माझ्याहून लहान," त्या म्हणाल्या. "आमच्या मोहल्ल्याच्या मिरवणुकीत तिला राणी केलं होतं. सुंदर दिसे. पदर चांगला फडकला पाहिजे म्हणून मंडळाच्या लोकांनी लांबच लांब रेशीम लावलं. फटाका वाजला, घोडा उधळला, आणि पदर रिकिबीत. चौकापर्यंत नेलं त्यानं तिला." त्यांनी साडीवरची एक काडी काढून टाकली. "वाचली. पण कंबर गेली. ठरलेलं लग्न गेलं. मग माझ्याजवळच राहिली, शेवटपर्यंत. घोड्यानं नव्हतं पाडलं तिला, मीना. कपड्यानं पाडलं. पण साऱ्या गावानं दोष दिला तिला. चढली म्हणून. आणि ती पण तेच म्हणू लागली, ताई, माझंच चुकलं. मरेपर्यंत म्हणत राहिली. याचा मला असा राग येते ना..."

त्या थांबल्या. मी त्यांचा हात धरला.

इतक्यात ऋजुता आम्हाला शोधत आली. कपाळाला मुंडावळ्या, अंगावर अजून तीच मोतिया नऊवारी, हातात नलूताईंसाठी ताट. "मावशी, जेवली नाही ना तुम्ही? मी कब से ढूँढ रही हूँ." ताट पायरीवर ठेवून ती त्यांच्या पायाशीच बसली.

नलूताईंनी ताटाकडे पाहिलं नाही. तिच्याकडे पाहत राहिल्या. मग जरा लाजून, शाळेतल्या मुलीसारखं विचारलं,

"ऋजू, वरून कसं दिसते गं?"

"म्हणजे?"

"घोडीवरून. मी तं कधी बसली नाही. सुमन इतकी वर्षं माझ्याजवळ होती, पण तिला विचारायची हिंमत झाली नाही. पडायच्या आधी चालली होती न ती थोडा वेळ. तेव्हा तिला काय दिसलं असेल, असं नेहमी वाटते."

पोरीला हिंदीत पटकन सुचलं असतं, पण ती शब्द शोधत शोधत मराठीतच बोलली.

"सगळं दिसते, मावशी. भिंतींच्या पलीकडचं पण. एका गच्चीवर पापड वाळत होते. एक आजोबा दाढी करून राहिले होते, त्यांनी तसाच साबण लावून मला सलाम केला. आणि लोकांचे चेहरे सगळे वर, माझ्याकडे. आणि समोर घोडीचे दोन कान. त्या कानांच्या मधातून रस्ता दिसते. असं वाटते की हा पूर्ण रस्ता आपलाच आहे. कोणी अडवूच शकत नाही."

आतून कोणीतरी नवरीला हाक मारली. फोटोवाला खोळंबला होता. ऋजुता उठू लागली. नलूताईंनी तिचं मनगट धरून तिला पुन्हा खाली बसवलं.

"थांबू दे त्याला," त्या म्हणाल्या. "ते कानांचं परत सांग."