भिंतीतले मंजूर दार

साहेब, तुम्ही नागरिकांचं ऐकत नाही, असा आरोप तुमच्यावर नेहमी होतो. आमचा आरोप त्याहून गंभीर आहे. तुम्ही ऐकता. शेवटपर्यंत ऐकता, मध्ये पाणी पाजता, ऐकल्याची नोंद करून खाली नागरिकाची सही घेता, आणि मग जे करायचं ते करता.

नागरिकाला बोलू देणे ही लोकशाहीतली जोखमीची गोष्ट आहे. म्हणून तुमच्या क्षेत्रीय कार्यालयात नागरिक सहभाग सभा दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी सकाळी अकराला भरते. अकराला कामधंद्याचा माणूस कामावर असतो, त्यामुळे सभेत गोंधळ होत नाही. (विभागाची लोकसंख्या एक लाख चार हजार. उपस्थिती नऊ. पैकी सहा दर वेळचेच सहा.)

जानेवारीत या नवांत एक इंदुबाई होत्या. इंदुबाई विश्रांतवाडीकडच्या वस्तीत राहतात आणि शेजारच्या अकरा मजली सोसायटीत चार घरच्या पोळ्या करतात. पायवाटेनं पाच मिनिटांचा रस्ता. डिसेंबरात त्या पायवाटेवर कार्यालयानं भिंत घातली. आता हमरस्त्यानं वळसा, चाळीस मिनिटं. उशिरापायी तीन घरं सुटली. उरलं बी-७०४. तिथल्या श्रद्धा मॅडम कॉम्प्युटर कंपनीत, शिफ्ट दुपारची, गाडी साडेअकराला. त्यांनी स्वच्छ सांगितलं होतं, "मावशी, डबा आणखी दोनदा चुकला, तर एक तारखेपासून येऊ नका."

आता उशीर का होतो हे सांगायला सभेला जायचं, तर त्या दिवशी उशीर ठरलेलाच. तरी इंदुबाई सुट्टी मागून पहिल्या सभेला गेल्या.

"साहेब, भिंतीत दार पाहिजे. माणूस जाईल एवढंच. म्हैस नाही न्यायची."

साहेबांनी टाळ्या वाजवल्या. इतरांनीही वाजवल्या. मग कारकून हिंदुराव फॉर्म घेऊन आले.

"मावशी, प्रवर्ग कोणता टाकू?"

"दाराचा टाका."

"दाराचा नाही. बाकं आहेत, नामफलक आहेत, जॉगिंग ट्रॅक आहे, सुशोभीकरण आहे."

"मग दार कशात बसतं?"

हिंदुरावांनी पेनाचं टोपण चावत विचार केला. माणूस मनानं वाईट नाही. प्रवर्गाबाहेरचा विचार करायचं त्यांना कुणी कधी सांगितलं नव्हतं, इतकंच. "सुशोभीकरणात बसवतो," ते म्हणाले. "तिथं लवकर मंजूर होतं."

आणि झालं! एप्रिलमध्ये पत्र आलं: 'आपल्या सहभागातून दार मंजूर व पूर्ण.' इंदुबाई त्या सकाळी वीस मिनिटं उशिरा निघाल्या, निवांत, पायवाटेनं. भिंतीपाशी पोचल्या. दार होतं. निळं, पितळी कड्यांचं, उंबऱ्यावर रांगोळी, अर्धवट उघडं (प्रशासन खुलं असल्याचं निदर्शक), पलीकडे डोंगर आणि स्वच्छ नदी. रंग अजून ओला होता. इंदुबाईंनी हात लावून पाहिला, हाताला निळा लागला. डबा चुकला. पहिला.

पुढच्या सभेच्या मंगळवारी त्या सुट्टी न मागता, तोच हात घेऊन सभेत उभ्या राहिल्या.

"साहेब, ह्या दारातनं तुम्ही जाऊन दाखवा. मी मागनं येते."

"आपली भावना पोचली," साहेब म्हणाले. "पण खऱ्या दाराला नागरिकांचाच विरोध आहे. आम्ही काय, जनतेचे सेवक." त्यांनी फाईल पुढे सरकवली. 'सुरक्षिततेसाठी भिंत अखंड ठेवावी.' खाली दोनशे बारा सह्या. सभेत नऊ माणसं येतात. कागदावर दोनशे बारा येतात. याला म्हणतात व्यापक सहभाग.

इंदुबाईंनी बोट फिरवत फिरवत वाचलं. बी-७०१, बी-७०२, बी-७०४.

त्या बी-७०४ मध्ये पोचल्या तेव्हा बारा वाजत आले होते. कंपनीत फोन करून गाडी थांबवून ठेवलेली, श्रद्धा मॅडम दारातच.

"मावशी, मी काय बोलले होते?"

"ताई, भिंतीच्या कागदावरची सही तुमचीच ना?"

"कसला कागद? लिफ्टपाशी लावला होता तो? अहो, सगळ्यांनीच केली होती, मी पण केली. वाचत कोण बसतंय! ते जाऊ दे. एक तारखेपासून येऊ नका."

इंदुबाईंनी ओट्यावरची परात पालथी घातली आणि निघाल्या. चाळीस मिनिटं.

साहेबांना जाब आम्ही विचारूच, ते ऐकूनही घेतील. पण हे वाचताना ज्यांना साहेबांचा फार राग आला, त्यांच्यासाठी एवढंच: तुमच्याही लिफ्टपाशी कागद होता. सुतळीनं बांधलेलं पेन होतं. तुमच्या फ्लॅटच्या नंबरापुढे सही आहे. वर काय लिहिलं होतं?

सांगा ना. थांबलोय आम्ही.